सायकलला घाट शिकवणारा व्हेलोसिओ

फ्रान्समधील सेंत-एत्येन हे शहर एकोणिसाव्या शतकात कोळसा, बंदुका आणि रेशमी फिती या तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. शहराच्या दक्षिणेला पिला नावाचा डोंगर आडवा पसरला आहे. तो ओलांडून ऱ्होन नदीच्या खोऱ्याकडे जाणारा रस्ता प्लांफुआ या गावावरून वळणे घेत चढतो आणि सूचिपर्णी वृक्षांच्या दाट रानात, ११६१ मीटर उंचीवर, एका खिंडीत पोहोचतो. नकाशात तिचे नाव कोल द ला रेपुब्लिक असे आहे. जुने लोक तिला ग्रां ब्वा, म्हणजे मोठे रान, असेही म्हणतात. आल्प्समधील खिंडींच्या तुलनेत ही अगदीच साधी. भोवती हिमशिखरे नाहीत, हिमनद्या नाहीत. तरीही सायकलवरून डोंगर धुंडाळणाऱ्या जगभरच्या मंडळींना ती ठाऊक असते. खिंडीत एक स्मारक आहे. ते कोणा सेनापतीचे वा राजपुरुषाचे नाही. रेशमाचा चांगला चाललेला व्यापार सोडून सायकलींचे दुकान थाटणाऱ्या आणि स्वतःचेच मासिक आयुष्यभर चालवणाऱ्या एका गृहस्थाचे ते आहे. त्यांचे नाव पॉल द विवी. वाचक मात्र त्यांना 'व्हेलोसिओ' या टोपणनावानेच ओळखत.

आज पुण्याचा एखादा तरुण सिंहगडाच्या चढाला लागताना अंगठ्याने खटका दाबतो, साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकते आणि पाय हलके होतात. या हलकेपणासाठी अर्धे शतक वाद झाला होता आणि त्या वादात द विवी यांनी आपले अवघे आयुष्य घातले होते, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

द विवी यांचा जन्म २९ एप्रिल १८५३ रोजी दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. हा प्रोव्हान्सचा मुलूख. ऊन लख्ख, हवा कोरडी, आणि क्षितिजावर मों व्हाँतू हा एकटा उभा असलेला, माथ्यावर पांढऱ्या दगडगोट्यांचे आवरण ल्यालेला पहाड. १३३६ मध्ये इटालियन कवी पेट्रार्क केवळ माथ्यावरून काय दिसते ते पाहण्याच्या ओढीने याच पहाडावर पायी चढला होता. काही उपयोगासाठी नव्हे तर पाहण्यासाठी डोंगर चढण्याची युरोपातील परंपरा पुष्कळ जण तेथून मोजतात. द विवी यांना ग्रीक आणि लॅटिन वाङ्मयाची गोडी लहान वयात लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. पहाटे उठावे, प्राचीन ग्रंथकाराची काही पाने वाचावीत आणि मगच दिवसाच्या कामाला लागावे, हा त्यांचा म्हातारपणीचाही परिपाठ होता. पुढे ते व्हाँतूवर अनेकदा गेले, कधी दिवसा तर कधी रात्री, माथ्यावर सूर्योदय गाठण्याच्या बेताने. मात्र ते पेट्रार्कसारखे पायी गेले नाहीत. वेधशाळेसाठी १८८० च्या दशकात शिखरापर्यंत रस्ता झाला होता आणि त्यांच्यासोबत सायकल असे.

तारुण्यात ते रेशमाच्या व्यापारात शिरले आणि सेंत-एत्येनमध्ये स्थिरावले. धंद्यात त्यांचा जम बसला होता. १८८१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल घेतली. ती त्या काळची, पुढचे चाक पुरुषभर उंचीचे आणि मागचे चिमुकले, अशा घडणीची. एका मित्राने सहा तासांत शंभर किलोमीटर जाऊन दाखवण्याची पैज लावली आणि ती त्यांनी याच उंच चाकावरून, ओव्हेर्न्यच्या डोंगराळ भागातील ला शेझ-दियच्या वाटेवर जिंकली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या सायकलवर पॅडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असे. उतारावर एखादा दगड लागला की स्वार डोक्यावरून पुढे फेकला जाई. खिंडीत नेण्यासारखे हे वाहन नव्हतेच.

व्यापाराच्या निमित्ताने द विवी इंग्लंडला जात. तेथील कोव्हेंट्री या शहराशी सेंत-एत्येनचे नाते मोठे विलक्षण आहे. कोव्हेंट्रीही रेशमी फितींचेच शहर होते. १८६० मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात व्यापारी तह झाला, फ्रेंच रेशमी मालावरची जकात उठली, आणि कोव्हेंट्रीचे माग पटापट बंद पडले. बेकार झालेल्या त्या शहराने आधी शिवणयंत्रे आणि मग सायकली बनवायला सुरुवात केली. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांची 'रोव्हर' तेथेच निघाली : दोन्ही चाके जवळपास सारखी, पॅडल मध्यभागी आणि मागचे चाक फिरवणारी साखळी. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. म्हणजे ज्या फितींच्या गावाने कोव्हेंट्रीचा धंदा बुडवला, त्याच गावचा रेशीम-व्यापारी कोव्हेंट्रीला जाऊन नव्या धंद्याचे बी घेऊन परतला. बंदुकीच्या नळ्या घडवणारे सेंत-एत्येनचे कसबी कारागीर सायकलीच्या नळ्यांनाही उपयोगी पडले, आणि पुढे ते शहर फ्रान्समधील सायकलउद्योगाचे एक मोठे केंद्र झाले.

१८८७ मध्ये द विवी यांनी रेशमाचा व्यवसाय सोडला. सायकलींचे दुकान उघडले आणि एक लहानसे मासिकही काढले. पहिल्या वर्षी ते परगण्याच्या नावाने निघत होते. पुढच्या वर्षी त्याचे 'ल सिक्लिस्त' असे सुटसुटीत नामकरण झाले. चौतिशीतल्या, चालता धंदा असलेल्या माणसाने हे करावे, याचे त्यांच्या व्यापारी स्नेह्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. दुकानाने त्यांना श्रीमंत केले नाही. मात्र मासिकाने त्यांना फ्रान्सभर वाचक आणि मित्र मिळवून दिले. वाचक आपापल्या प्रवासांची टिपणे धाडत, यंत्रांबद्दलच्या शंका विचारत, तक्रारी करत. द विवी छापत, उत्तरे देत, हुज्जत घालत. सायकल-पर्यटन या अर्थाचा फ्रेंच शब्दही सामान्यतः त्यांच्याच नावे जमा केला जातो.

आता मूळ अडचणीकडे वळू. त्या काळच्या साखळीच्या सायकलला एकच गती असे. पुढच्या दातेरी चक्राचा आणि मागच्या चक्राचा जो काही प्रमाणबद्ध संबंध कारखान्यात ठरला, तो कायमचा. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते यावर फ्रेंच लोक हा संबंध मोजतात. सपाटीवर सहा मीटरच्या आसपासचे माप सोयीचे. पण घाटात? सहा टक्क्यांच्या चढावर स्वार आणि सायकल मिळून नव्वद किलो वजन ताशी दहा किलोमीटर वेगाने वर न्यायचे, तर नुसत्या चढासाठी दीडशे वॉटच्या आसपास शक्ती लागते. ती पायांना पेलणारी आहे. अडचण शक्तीची नसून पायांच्या लयीची आहे. सहा मीटरच्या मापावर या वेगाने पॅडल मिनिटाला जेमतेम अठ्ठावीस वेळा फिरते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात साऱ्या देहाचा भार घालून, हँडल ओढून, दातओठ खाऊन दाब द्यावा लागतो. तेच माप अडीच मीटरवर आणले तर पाय मिनिटाला सदुसष्ट वेळा फिरतात. काम तेवढेच, वेगही तेवढाच, पण प्रत्येक दाब निम्म्याहून हलका. गुडघे वाचतात, श्वास लयीत राहतो, आणि स्वाराला रानातला पक्षी ऐकू येतो. मात्र हीच अडीच मीटरची सायकल सपाटीवर आणली की पाय गरगर फिरतात आणि माणूस पुढे सरकत नाही. दोन्ही हवे असेल तर एकाच सायकलला दोन मापे हवीत. सगळा प्रश्न एवढाच होता.

हा विचार द विवी यांच्या मनात कसा आला याची एक गोष्ट सायकलस्वारांत फार सांगितली जाते. ते आपल्या नेहमीच्या रेपुब्लिकच्या खिंडीकडे धापा टाकत चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक पाइप ओढत ओढत त्यांना मागे टाकून निघून गेला. द विवी चाळिशीकडे झुकले होते. अधिक जोर लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी पॅडलपाशी एकाऐवजी दोन दातेरी चक्रे बसवली, एक मोठे आणि एक लहान. घाट लागला की उतरायचे, हाताने साखळी उचलून लहान चक्रावर टाकायची, बोटे पुसायची आणि पुन्हा स्वार व्हायचे. मागेही दोन चक्रे घातल्यावर चार मापे हाती आली. हात काळे होत, पण पाय मोकळे राहत.

पुढची वीस-पंचवीस वर्षे त्यांनी असले प्रयोग अथकपणे केले. दोन्ही बाजूंना दोन साखळ्या, चाकाच्या तुंब्यात दडवलेली गिअरची यंत्रणा, लहान व्यासाची पण जाड टायरची चाके असे काहीही त्यांनी वर्ज्य मानले नाही. १९०१ च्या सुमारास 'व्हिपेट' या इंग्रजी सायकलची रचना त्यांच्या पाहण्यात आली. तिच्यात पुढचे चक्रच दुभंगून कमी-अधिक मोठे होत असे, त्यामुळे उतरावे लागत नसे. त्यांनी ती कल्पना आपल्या परीने वापरून पाहिली. त्यांच्या भोवती सेंत-एत्येनच्या कारागिरांचे आणि हौशी स्वारांचे एक वर्तुळच तयार झाले होते. साखळीला ढकलून एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणारी जी यंत्रणा पुढे 'डिरेलर' म्हणून सर्वत्र रूढ झाली, तिचे आरंभीचे फ्रेंच नमुने याच वर्तुळातून आले. द विवी यांना डिरेलरचे जनक म्हणण्याची प्रथा आहे. काटेकोर इतिहासकारांना ती फारशी मान्य होणार नाही, कारण अशा कल्पना एकाच वेळी अनेक डोक्यांत होत्या. त्यांचे खरे श्रेय निराळे आहे. प्रत्येक यंत्र ते स्वतः डोंगरात नेत, त्यावर शेकडो किलोमीटर जात, आणि फसलेल्या प्रयोगांची हकीकतही यशाइतक्याच तपशिलाने मासिकात छापत. विक्रेता आणि संपादक एकच असताना हे सोपे नसते.

आणि मग वाद पेटला. १९०२ मध्ये तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने पिरेनीज पर्वतातील २११५ मीटर उंचीच्या तूरमाले खिंडीत पर्यटन-सायकलींची कसोटी घेतली. निरनिराळ्या गिअरच्या, निरनिराळ्या ब्रेकच्या सायकली घाटात उतरल्या. मार्थ एस नावाची एक तरुणी तीन गतींची सायकल घेऊन त्यात आली आणि कोठेही पाय न टेकता तिने चढ पार केला, असे सांगतात. एक गतीवर विसंबलेल्या नामांकित पुरुष स्वारांच्या तुलनेत तिची ती सहज चाल पाहून गिअरच्या बाजूचे लोक हर्षभरित झाले. परंतु आँरी देग्रांज यांचे मत बदलले नाही. ते क्रीडादैनिकाचे संपादक. पुढच्याच वर्षी त्यांनी 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू केली. यंत्राच्या आडोशाने चढ जिंकण्यापेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणे थोर, गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांना ठीक, असा त्यांचा अभिप्राय होता. द विवी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. टोला कोणाला उद्देशून होता हे सांगायला नको.

देग्रांज यांना केवळ हटवादी ठरवणे अन्याय्य होईल. त्या वेळची गिअरची यंत्रणा अवजड होती. चिखलात अडकत असे, साखळीचे घर्षण वाढवत असे. शिवाय देग्रांज यांना वर्तमानपत्र खपवायचे होते, आणि घामाने, धुळीने माखलेला, यातना सोसणारा वीर हाच त्यांच्या बातमीचा प्राण होता. चढावरून गप्पा मारत जाणाऱ्या माणसाची बातमी होत नाही. १९०३ च्या पहिल्या टूरमध्ये स्वार ल्यों सोडून मार्सेयकडे जाताना रेपुब्लिकची खिंड ओलांडून गेले. द विवी यांचे घरचेच अंगण ते. पुढच्या वर्षी त्याच चढावर रात्रीच्या अंधारात स्थानिक स्वाराच्या चाहत्यांनी इतरांना अडवून मारहाण केली; पहिल्या वर्षीचा विजेता मोरीस गारँही त्यातून सुटला नाही. १९१० मध्ये टूर प्रथमच तूरमालेवर गेली. माथ्यावर पहिला पोहोचलेला ओक्ताव लापीझ त्या चढाचा काही भाग सायकल ढकलत पायी चालला होता. फ्रान्समधील सर्वांत बळकट पाय सायकलवरून उतरून चालत होते, आणि सेंत-एत्येनचे पन्नाशीचे दुकानदार खोगीरावर बसून खिंडी चढत होते. टूरमधील स्वारांच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन चक्रे असत. घाट लागला की उतरून चाकच काढायचे आणि उलटे बसवायचे. थंडीने गारठलेल्या बोटांनी चाकाचे नट सोडवण्याची ही कसरत त्यांना पुढे अनेक वर्षे करावी लागली. टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलर वापरून जिंकला. तोवर द विवी यांना जाऊन सात वर्षे झाली होती.

यंत्राविषयी इतके लिहिले, पण यंत्र हे त्यांच्या लेखी साधन होते. ओढ खिंडींची होती. मराठी माणसाला 'खिंड' म्हटले की अडवून धरण्याची जागा आठवते. द विवी यांच्यासाठी ती पलीकडे जाण्याची जागा होती. रेपुब्लिकच्या माथ्यावर पाणी दुभंगते. उत्तरेकडे पडलेला पाऊस ल्वार नदीतून अटलांटिकला जातो, दक्षिणेकडचा ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला. अलीकडे खाणींचा धूर आणि थंड धुके, पलीकडे बुर्ग-आर्जांतालकडे उतरणारा रस्ता, मग ऱ्होनचे खोरे आणि पाठीवर वारा घेऊन थेट प्रोव्हान्स, त्यांचा जन्ममुलूख. दरवर्षी ईस्टरच्या सुटीत ते आणि त्यांचे सोबती हीच वाट धरत. संध्याकाळी किंवा मध्यरात्री निघायचे, खिंडीत उरलेला बर्फ तुडवायचा, कार्बाइडच्या दिव्याच्या उजेडात उतरायचे आणि सकाळी नदीकाठी, जर्दाळूची झाडे फुललेल्या मुलखात पोहोचायचे. उत्तरेकडून वाहणारा मिस्ट्रल वारा जाताना ढकलत नेई. परतताना तोच वारा तोंडावर येई.

दूरच्या पर्वतात जायचे तर मधली ओळखीची, रुक्ष वाट रात्रीतूनच, न थांबता, एका दमात पार करावी आणि ताज्या प्रदेशात मग रमतगमत फिरावे, अशी त्यांची रीत होती. चोवीस तास, कधी त्याहूनही अधिक वेळ ते अशी सलग वाटचाल करत. आल्प्समध्ये तेव्हा आजच्यासारखे डांबरी रस्ते नव्हते. लोतारे, गालिबिए यांसारख्या खिंडींत खडीचे, गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले रस्ते असत. गालिबिएच्या माथ्याखालचा बोगदा १८९१ मधला. आज सायकलस्वारांचे तीर्थ बनलेल्या इझरान खिंडीतून तर १९३७ पर्यंत गाडीरस्ताच नव्हता. होती ती खेचरांची पायवाट. अशा जागी सायकल खांद्यावर घेऊन किंवा ढकलत पायीच जावे लागे. उतरण अधिक भयंकर. ब्रेकचा भरवसा नसल्याने काही स्वार झाडाच्या फांद्यांची मोळी दोराने मागे बांधून फरफटत नेत, म्हणजे वेग आवरत असे. मागून येणाऱ्याने मग धूळ खायची. चांगल्या ब्रेकसाठी आणि फ्रीव्हीलसाठी द विवी यांनी इतकी लेखणी झिजवली, ती यामुळेच.

आपल्या अनुभवांतून त्यांनी स्वारांसाठी सात नियम घालून दिले. त्यांचा आशय आजही कोणत्याही सायकल-मंडळात ऐकू येईल. मुक्काम थोडे आणि आटोपशीर असावेत. भूक लागण्याआधी थोडे थोडे खावे, तहान लागण्याआधी प्यावे. अन्न आणि झोप नकोशी होण्याइतके थकू नये. थंडी वाजण्यापूर्वी पांघरावे, उकडण्यापूर्वी काढावे. प्रवासात तरी मद्य, मांस आणि तंबाखू दूर ठेवावी. सुरुवातीच्या तासांत, अंगात जोर सळसळत असताना, हात राखून चालवावे. आणि शेवटचा नियम असा की दिमाख दाखवण्यासाठी पॅडल मारू नये. शेवटच्या नियमाचा रोख शर्यतींकडे होता हे उघड आहे. तरी मला त्यात थोडी आत्मपरीक्षणाची छटाही दिसते. पैजेसाठी शंभर किलोमीटर धावलेला आणि पाइप ओढणाऱ्या तरुणामुळे बेचैन झालेला माणूस हा नियम घालत होता.

ते स्वतः शाकाहारी होते. फ्रान्ससारख्या देशात, खाणकामगारांच्या गावात, शतकापूर्वी हे विक्षिप्तपणाचेच लक्षण मानले जाई. भात, फळे, भाज्या, अंडी, दूध यांवर माणूस दिवसरात्र डोंगर चढू शकतो, हे ते स्वतःच्या देहावर सिद्ध करू पाहत. एस्परांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेचेही ते कट्टर पुरस्कर्ते होते. शाकाहार, एस्परांतो, थंड पाण्याचे स्नान आणि लहान गिअर या साऱ्यांचा प्रचार ते एकाच आवेशाने करत, आणि वाचकाला कधी कधी ते जड होत असावे. त्यांच्या लेखांत गणिताचे आकडे आणि पहाटेच्या प्रकाशाची वर्णने एकमेकांना खेटून येतात. एका परिच्छेदात मीटर, दाते आणि तासांचा हिशेब. पुढच्यात बर्फावर पडलेले गुलाबी ऊन. ही सरमिसळ ज्यांना रुचली ते त्यांचे शिष्य झाले. त्या मंडळींना 'सेंत-एत्येनचा संप्रदाय' असेच नाव पडले.

शिष्यांनी १९२२ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ एक वार्षिक मेळावा सुरू केला. रेपुब्लिकच्या खिंडीपर्यंत चढायचे, हेच त्याचे स्वरूप. गुरूचे वय तेव्हा एकोणसत्तर होते आणि ते स्वतः चढावर हजर असत. येथे एक गंमत आहे. दिमाखासाठी पॅडल मारू नये असे सांगणाऱ्याच्या गौरवाची चढण घड्याळ लावून मोजली जाऊ लागली. मात्र तिच्यात तरुणांच्या जोडीने म्हातारे, दोघांच्या सायकलीवरची जोडपी आणि मुले घेऊन आलेली कुटुंबेही असत. कोण पहिला आला यापेक्षा कोणत्या वयाचा माणूस कसा चढला, याला तेथे मान होता. देग्रांज यांच्या जगाला द विवी यांनी दिलेले उत्तर ते हेच, असे म्हणता येईल.

गाड्यांचा जमाना एव्हाना आला होता. ज्या रस्त्यांवर धूळ, गाईगुरे आणि शांतता होती, तेथे मोटारी धावू लागल्या. फ्रान्समध्ये पर्यटनाचे महामार्ग आखले जात होते. जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत आल्प्सच्या खिंडीखिंडींतून जाणाऱ्या रस्त्याची योजना तूरिंग क्लबनेच पुढे आणली होती. सायकलस्वारांनी सुरू केलेली ती संस्था हळूहळू मोटारवाल्यांचीही झाली. द विवी मात्र शहरातील वर्दळीतून, सायकल हाताशी धरून, पायी वाट काढत आपल्या नित्याच्या फेऱ्या करत राहिले.

१९३० च्या फेब्रुवारीअखेरची ती सकाळ. त्यांनी नेहमीप्रमाणे वाचन केले. त्या दिवशी हाती सेनेकाची पत्रे होती, असे त्यांचे शिष्य सांगत. मग ते सायकल घेऊन बाहेर पडले. रस्त्यावर गर्दी होती म्हणून स्वार न होता ती ढकलतच ते रस्ता ओलांडत होते. एका वाहनाला चुकवताना ते थबकले आणि ट्रामच्या तडाख्यात सापडले. वय शहात्तर. अंधाऱ्या रात्री, बर्फात, बेभरवशाच्या ब्रेकनिशी शेकडो खिंडी उतरलेल्या माणसाला मृत्यू आला तो घरच्या गावात, सपाट रस्त्यावर, दोन पायांवर चालताना. सेंत-एत्येनमधील ती ट्राम १८८१ च्या डिसेंबरात सुरू झाली होती, म्हणजे द विवी यांनी पहिली सायकल घेतली त्याच वर्षी. फ्रान्समधील बहुतेक शहरांनी विसाव्या शतकात आपल्या ट्राम उखडून टाकल्या. सेंत-एत्येनची मात्र अखंड चालू राहिली.

'ल सिक्लिस्त' त्यांच्यामागेही काही दशके निघत राहिले. १९७२ मध्ये फ्रान्समध्येच 'शंभर खिंडींचे मंडळ' या अर्थाच्या नावाची एक संस्था स्थापन झाली. तिचे सभासद व्हायचे तर निरनिराळ्या शंभर खिंडी सायकलसह पार केलेल्या असाव्या लागतात, आणि त्यांतल्या किमान पाच दोन हजार मीटरहून उंच असाव्या लागतात. खिंड पार केल्याचा पुरावा कोणी मागत नाही. सभासदाच्या शब्दावर भरवसा ठेवला जातो. वेळेची नोंद होत नाही, शर्यत नसते. खेचरांच्या वाटेने, सायकल खांद्यावर टाकून, पायी ओलांडलेली खिंडही यादीत धरली जाते. सायकल सोबत असली म्हणजे झाले.